नेमकोबाने घर आवरलं

माणसाला फसवणं अवघड, देवाला फसवणं त्यामानाने सोपं, असं लेखकरावांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी सकाळच्या चहाला मांडलं. ऐकायला समोर फक्त सासूबाई होत्या. सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं आणि जावई बोलायला लागला की त्या बरोबर तोच कान पुढे करतात.

"मी नवं दैवत तयार करतोय," लेखकराव म्हणाले. "जुन्या देवांची पंचाईत काय, त्यांना माणसाच्या मनातलं कळतं. मनातलं कळलं की गोष्टीतली गंमत संपली. माझ्या देवाला मनातलं ओ की ठो कळणार नाही. तुम्ही बोलाल तेवढं तो करणार. शब्द कमी नाही, शब्द जास्त नाही. नाव पण ठरलंय. नेमकोबा."

"म्हणजे अगदी तुमच्यावर गेलाय," शिलाई मशीनवरून बायको म्हणाली. "परवा म्हटलं, गिऱ्हाईक आलं तर बसवून घ्या. बसवून घेतलंत. मी बाहेर गेलेय, हे काही सांगितलं नाहीत. बाई दुपारभर भिंतीकडे बघत बसली होती."

"मला तू बसवायला सांगितलं होतंस."

"तेच म्हणतेय मी."

लेखकरावांनी हा शेरा कानाआड केला. कानाआड करणं त्यांना छान जमायचं, कारण या घरात त्यांना सरावच तेवढा होता. पुढच्या खोलीत बायकोची मशीन आणि दोरीवर टांगलेले अर्धवट कपडे. मधल्या खोलीत जेवायचं टेबल, ज्यावर लेखकराव लिहायचे आणि जेवणाच्या वेळी कागद उचलून जागा करून द्यायचे. मागच्या खोलीत खिडकीपाशी सासूबाईंची खाट. लेक चिंगी कॉलेजात जायची, बाकी वेळ आईच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची आणि आपल्याला चिंगी म्हणू नये म्हणून सगळ्यांशी भांडायची. घर बायकोच्या मशीनवर चालायचं. लेखकराव लिहायचे. आजवर त्यांची तीन-चार पुस्तकं निघाली होती आणि ती घरातल्या कपाटात अत्यंत सुरक्षित होती.

पण या वेळची गोष्ट खरोखर झकास जमत होती. गोष्टीत एक सून होती. तिच्या घरात सगळे दीर ऐतखाऊ. सून नेमकोबाला हाक मारते आणि सांगते, घरात जे बिनकामाचं असेल ते घेऊन जा. नेमकोबा येतो, प्रत्येक वस्तूपुढे आणि प्रत्येक माणसापुढे उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो, "याचा उपयोग?" उत्तर आलं नाही की उचलतो. दिरांची रांगेने उचलबांगडी होते. सून खूश. मात्र दीर संपले तरी नेमकोबा थांबत नाही, आणि त्याला परत घालवायचा कसा, इथे लेखकरावांचं घोडं अडलं होतं. जेवण झाल्यावर सुचेल, असं त्यांनी ठरवलं.

आता लेखकरावांची लिहायची एक पद्धत होती. संवाद कागदावर उतरवायच्या आधी ते पात्राच्या जागी जाऊन मोठ्याने म्हणून बघायचे. राजा असला तर खुर्चीवर चढून. चोर असला तर सासूबाईंच्या खाटेखालून, आणि त्यावरून एकदा घरात बरंच काही झालं होतं. सून उंबऱ्यात उभी राहून हाक मारते, म्हणून ते आपल्या उंबऱ्यात उभे राहिले, दार सताड उघडलं, पदर घेतल्यासारखा टॉवेल डोक्यावर घेतला आणि जिन्यात खणखणीत आवाज सोडला:

ये रे नेमकोबा, दार उघडं आहे,
बघ या घरात काय कामाचं आहे.
कामाचं ते ठेव, बिनकामाचं ने,
एक जरी उरलं तर फिरून फिरून ये.

चाल नीट बसेना, म्हणून पुन्हा म्हणाले. मग बसली. जिन्यात आवाज घुमला आणि खालच्या खाली विरून गेला. लेखकराव मनापासून खूश झाले, जेवले, आणि शेवट सुचण्यासाठी आडवे झाले.

जाग आली ती बायकोच्या हसण्याने. ही घटना दुर्मीळ होती, त्यामुळे ते उठून बाहेर आले. दारात एक माणूस बिघडलेला टेबलफॅन काखेत धरून उभा होता. ना उंच ना बुटका, ना तरुण ना म्हातारा. पांढरा सदरा घातलेला. चेहरा असा, की बघताना पूर्ण दिसावा आणि नजर वळवली की आठवू नये.

"अहो, हे भंगारवाले," बायको म्हणाली. "मी केव्हापासून या या म्हणत होते, एकदाचे आले. बिनकामाचं न्यायला आलोय म्हणाले. मी म्हटलं, देव पावला."

माणूस फॅन घेऊन जिना उतरला. लेखकराव चहाची वाट बघत खुर्चीत बसले. चहाला आधण ठेवायच्या आत माणूस परत आला.

"याचा उपयोग?" त्याने मोडक्या छत्रीकडे बोट दाखवून विचारलं. आवाज सरळ होता. त्यात घाई नव्हती, कंटाळा नव्हता, काहीच नव्हतं.

"काही नाही. न्या, न्या," बायको म्हणाली.

छत्री गेली. मग कुलपं हरवलेल्या किल्ल्यांचा जुडगा गेला. मग बंद पडलेला टेपरेकॉर्डर. बायकोला एवढा आनंद झाला होता, की ती मशीन सोडून त्याच्या पुढे पुढे करत माळ्यावरच्या वस्तू दाखवू लागली. लेखकरावांच्या मनात तो प्रश्न कुठेतरी खटकला होता. पण झोपेतून उठल्यावर त्यांच्या मनात बऱ्याच गोष्टी खटकत असत, म्हणून त्यांनी फार लक्ष दिलं नाही.

मग माणूस भिंतीवरच्या बंद घड्याळापुढे उभा राहिला. ते चालत नव्हतं, ते गेलं. परत आला तो त्याच भिंतीपाशी.

"याचा उपयोग?"

"खिळ्याचा?" बायको हसली. "घड्याळ अडकवायला."

"घड्याळ नाही."

त्याने खिळा दोन बोटांत धरला आणि लोण्यातून केस काढावा तसा अलगद काढून घेतला. भिंतीला भोक राहिलं. त्या भोकाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि भोक नाहीसं झालं. त्याने मूठ मिटली आणि ती मिटलेली मूठ जपून धरत तो जिना उतरला.

बायकोचं हसू थांबलं. ती भिंतीजवळ गेली, तिथे हात फिरवून पाहिला. भिंत सपाट होती, रंगासकट.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "त्याच्या सदऱ्याला शिवण कुठे आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे शिवणच नाहीये. खांद्याला नाही, बगलेत नाही. मी जन्मभर कपडे शिवतेय, मला कळणार नाही? तो सदरा कुणी शिवलेलाच नाही."

बाल्कनीतून चिंगीची हाक आली. तिच्या म्हणण्याप्रमाणे, ती मघापासून फाटकाकडे बघत उभी होती आणि हा माणूस सामान घेऊन जिना उतरत होता खरा, पण खाली पोचत नव्हता. इमारतीच्या दारातून एकदाही बाहेर पडला नव्हता.

लेखकरावांना आता आठवलं. याचा उपयोग? हे वाक्य त्यांनी सकाळीच कागदावर लिहिलं होतं. फिरून फिरून ये, हेही त्यांनीच लिहिलं होतं, आणि ते केवळ यमक जुळावं म्हणून.

"आपण दार लावून घेऊ," ते म्हणाले.

त्यांनी दार लावलं, वरची कडी घातली, खालची घातली आणि वळून बघतात तर माणूस मागच्या खोलीत उभा. कपाटाचा खण उघडलेला. त्याच्या हातात जुन्या वळणाचा जाड काचांचा चष्मा होता. सासऱ्यांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"याचा उपयोग?" त्याने खाटेवर बसलेल्या सासूबाईंना विचारलं. "कोण लावतं?"

सासूबाईंनी चष्म्याकडे बघितलं. "आता कोण लावणार," त्या म्हणाल्या. त्या कधी खोटं बोलत नसत, निदान बाहेरच्या माणसाशी.

चष्मा गेला. मग चष्म्याचं घर गेलं, कारण चष्मा नव्हता. मग खण गेला, कारण खणात दुसरं काही नव्हतं.

"आई, अगं काहीतरी सांगायचंस ना," बायको म्हणाली.

"मी कधीतरी काढून बघायचे गं तो," सासूबाई म्हणाल्या.

"मग हे त्याला का नाही सांगितलंस?"

"मला कधी कुणी विचारलं होतं का, की मला पाठ असावं?" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. लेखकरावांना फार वाईट वाटलं. आपल्यामुळे हे झालं, हे सांगायला तोंड उघडलं, पण धीर झाला नाही.

दरम्यान माणूस लावलेल्या दारापाशी आला होता.

"याचा उपयोग?"

"दाराचा?" चिंगी म्हणाली. "कोणी आत येऊ नये म्हणून."

"मी आत आहे."

त्याने दार बिजागऱ्यांसकट काढलं, काखेत मारलं आणि उघड्या चौकटीतून निघून गेला. जिन्यातला गार वारा घरात शिरला आणि दोरीवरचे अर्धवट कपडे हलायला लागले.

आता मात्र लेखकरावांना सगळं सांगून टाकणं भाग पडलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. ती शांतपणे ऐकते तेव्हा जास्त भीती वाटते.

"म्हणजे तुम्ही दारात उभं राहून त्याला बोलावलंत."

"मी चाल बसवत होतो."

"आणि घालवायचं कसं, ते?"

"तिथेच तर अडलो होतो ना. जेवण झाल्यावर सुचणार होतं."

"माणूस पाहुणा बोलावताना विचार करतो, हा जाणार कधी. तुम्ही देव बोलावलात आणि जाऊन झोपलात."

"आत्ता लिहितो," लेखकराव म्हणाले. "देव माझा आहे. शेवट लिहिला की झालं. तो सांगितल्याबाहेर नाही." ते तरातरा मधल्या खोलीत गेले. टेबलावर काहीच नव्हतं. कागद नव्हते, पेन नव्हतं.

"बाबा," चिंगी चाचरत म्हणाली, "ते मगाशी त्याने नेलं. मी फोनवर होते. त्याने विचारलं, याचा उपयोग? मी म्हटलं, बाबांची गोष्ट आहे, अजून पूर्ण नाही. तर म्हणाला, अर्ध्या गोष्टीचा उपयोग? मला पटकन काही सुचलं नाही."

लेखकराव मटकन खुर्चीत बसले, आणि हे एका अर्थी बरं झालं, कारण त्या खुर्चीवर कुणी बसलं नसतं तर तीही गेली असती. पुढच्या थोड्या वेळात घराची अवस्था बघवेना. पाहुण्यांची ताटं गेली, कारण पाहुणे कधी आले होते, हे कुणाला सांगता आलं नाही. एका बाजूने फुटलेला आरसा गेला. मागच्या खोलीतल्या कपाटाला खण नव्हता म्हणून ते जाणार होतं, पण चिंगीने आत घाईघाईने आपले कपडे कोंबले. तिने हे तंत्र पटकन उचललं होतं. माणूस स्टुलापाशी उभा राहिला, की ती तोंडात उत्तर तयार ठेवून हजर. "स्टूल? त्यावर चढून मी दिवे बदलते." तो मान हलवायचा आणि पुढे जायचा. त्याला राग येत नव्हता. हट्ट नव्हता. उत्तर मिळालं की बस्स. लेखकरावांनी त्याला असाच तर घडवला होता. चांगला घडला होता, आणि या परिस्थितीतही त्यांना त्याचा किंचित अभिमान वाटला.

मग घरात उचलण्यासारखं काही उरलं नाही. खोल्यांत बोललं की आवाज घुमत होता. ऊन कलतं झालं होतं. माणूस रिकाम्या चौकटीतून आत आला, मधोमध उभा राहिला आणि त्याने सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"याचा उपयोग?"

पुढे कितीतरी दिवस ते सगळे स्वतःला विचारत राहिले, की आपण तेव्हा लगेच का नाही बोललो. पण खरं हेच, की त्या क्षणी तिघांच्याही तोंडाला कुलूप बसलं. माणसाने एक पाऊल पुढे टाकलं.

"मी घरात असते," सासूबाईच म्हणाल्या, "म्हणून या सगळ्यांना बिनघोर बाहेर जाता येतं. आता तर तुम्ही दारही नेलंत. आता मी नसले तर घर उघडं पडेल." आणि मग तिघांकडे बघून, "तुम्हा लोकांना एवढं सांगता येईना होय?"

माणसाने मान हलवली. चिंगीकडे वळला. चिंगीने एका दमात सांगितलं, की आईचे सगळे फोन ती घेते, मापं ती उतरवते आणि सुईत दोराही तीच ओवते. मान हलली. बायकोने काही सांगितलंच नाही, नुसती मशीनवर जाऊन बसली आणि पाय मारायला लागली. मान हलली.

मग तो लेखकरावांपुढे उभा राहिला.

जवळून बघितल्यावर लेखकरावांना कळलं, की त्याच्या डोळ्यांना रंग दिलेला नाही. त्यांनी गोष्टीत तो लिहिलाच नव्हता.

"याचा उपयोग?"

"मी लेखक आहे," लेखकराव म्हणाले. "मी कथा लिहितो."

"त्याचा उपयोग?"

"लोक वाचतात. त्यांना जगण्याचं बळ वगैरे मिळतं."

"या घरात कोण वाचतं?"

लेखकरावांनी चिंगीकडे बघितलं. चिंगीने जमिनीकडे बघितलं. बायकोची मशीन थांबली.

"मी दिवे बदलतो," लेखकराव म्हणाले.

"ती बदलते," माणूस म्हणाला.

"मी भाजी आणतो."

"आणतात," बायको म्हणाली, "आणि मी ती टाकून देते." हे तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

शेवटी लेखकरावांनी आपली हुशारी वापरायची ठरवली. देवाला फसवणं सोपं असतं, हे त्यांचंच तर मत होतं. "हे बघ नेमकोबा," ते म्हणाले, "तुला कोणी बोलावलं? मी. मी नसतो तर तू नसतास. म्हणजे माझा उपयोग झाला की नाही?"

"झाला," माणूस म्हणाला. "आता?"

आणि त्याने लेखकरावांचं मनगट धरलं. हात गार नव्हता, गरम नव्हता. हात धरलाय असं वाटतच नव्हतं. फक्त आपल्याला आता उठायचं आहे आणि जायचं आहे, एवढं लख्ख कळत होतं, आणि लेखकराव उठले.

"अहो, पुरे झाली मस्करी," बायको म्हणाली. "सोडा त्यांना." माणूस चालू लागला. तिने चौकटीकडे पाहिलं. उंबऱ्याशी चपला होत्या. तिच्या होत्या, चिंगीच्या होत्या, सासूबाईंच्या होत्या. लेखकरावांच्या नव्हत्या. त्या कुठल्यातरी मागच्याच फेरीत गेल्या होत्या, कारण यापुढे त्या कुणाला लागणार नव्हत्या.

मशीनचं स्टूल मागे पडलं. बायको धावत येऊन चौकटीत आडवी उभी राहिली, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवून.

"उपयोग आहे," ती म्हणाली.

"काय?"

तिने तोंड उघडलं, मिटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, रोज या माणसाचा काय उपयोग नाही हे सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. उलट बाजूने कधी विचार करायची वेळ आली नव्हती. लेखकराव तिच्याकडे बघत होते. त्यांनाही खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"हे घोरतात," बायको म्हणाली.

"त्याचा उपयोग?"

"ते घोरणं ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही." तिने नजर हटवली नाही. "मागे एकदा हे परगावी गेले होते तर सगळी रात्र मी टक्क जागी. सकाळी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. यांना नेलंत तर मला झोप नाही. मला झोप नाही तर शिवण नाही. शिवण नाही तर या घरात चूल नाही. लावा आता तुम्हीच हिशोब."

माणूस थांबला. तो विचार करत होता, की उभ्या उभ्या मिटला होता, काही कळत नव्हतं.

"उपयोग आहे," तो म्हणाला, आणि त्याने मनगट सोडलं.

लेखकराव तिथेच खाली बसले. चिंगी रडायला लागली. माणूस मात्र गेला नाही. तो खोलीच्या मधोमध परत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून एकेका वस्तूकडे बघायला लागला. स्टूल, खाट, मशीन, कपाट. फिरून फिरून ये म्हटलं होतं. आज ना उद्या कुणाची तरी जीभ अडखळेल, कुणीतरी आजारी पडेल, मशीन बंद पडेल, आणि तो तिथे उभाच असेल.

"अहो, ऐकलंत का," खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. नेहमीप्रमाणे जावयाला नाही, त्या माणसाला. "सगळं बघून झालं ना तुमचं?"

"झालं."

"आता घरात बिनकामाचं काही राहिलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही हो?" सासूबाईंनी खण नसलेल्या कपाटाकडे एकदा बघितलं आणि परत त्याच्याकडे. "दुपारपासून या घरात आहात तुम्ही. सगळ्यांना विचारलंत. तुमचा उपयोग काय?"

माणसाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर आलं नाही. त्याने एकदा चारी बाजूंना पाहिलं, कुणी त्याच्या वतीने सांगतंय का, हे बघितल्यासारखं. चिंगीने रडता रडता दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बायको गप्प. लेखकरावांच्या मनात आलं, की याचा उपयोग आपल्याला आहे, यावर आपली सगळ्यात चांगली गोष्ट उभी आहे. त्यांनी ओठ हलवले मात्र, बायकोने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की ते वाक्य जन्मभरासाठी घशात राहिलं.

"नाही," माणूस म्हणाला. "काही नाही."

त्याने आपल्या उजव्या हाताने आपलं डावं मनगट धरलं. चेहऱ्यावर काही बदल झाला नाही. मग त्याने स्वतःला सावकाश, मघाशी लेखकरावांना नेत होता तसंच, ओढत नेलं. बायको बाजूला झाली. डावा हात किंचित मागे राहत होता, उजवा त्याला पुढे घेत होता. तो जिन्यात उतरला, वळणापर्यंत दिसला आणि पुढे दिसला नाही. चिंगी बाल्कनीत धावली. खाली रस्त्यावर रोजची माणसं जात-येत होती, पण इमारतीतून कुणी बाहेर पडलं नाही.

नेलेलं काही परत आलं नाही. दार नाही, घड्याळ नाही, चष्मा नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. चिंगी त्यांच्या पायाशी बसून राहिली. संध्याकाळ व्हायला लागली तशी बायकोने एक जाड कापड काढलं आणि दाराच्या मापाने पडदा बेतायला घेतला.

लेखकराव तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसले. त्यांचा ऊर भरून आला होता. एवढ्या वर्षांत आपण या बाईला ओळखलंच नाही, असं त्यांना आतून वाटत होतं.

"मला माहीत नव्हतं गं," ते म्हणाले. "मी घोरल्याशिवाय तुला झोप लागत नाही, हे तू कधी बोलली नाहीस."

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "घोरण्याने कुणाला झोप लागते का हो? लग्न झाल्यापासून कानात कापूस घालून झोपतेय मी."

"पण तू देवाला सांगितलंस."

"तुम्हीच नाही का म्हणालात, त्याला मनातलं कळत नाही, बोललेलं तेवढं कळतं?" तिने कापड फाडलं. "मग बोलले."

लेखकरावांनी उघड्या चौकटीकडे बघितलं. पलीकडे जिन्यात अंधार जमायला लागला होता. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, रिकामी बादली उचलून नळाखाली लावली आणि तिथूनच, दाराच्या दिशेला तोंड करून, जिन्यात नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी पाणी भरतोय."